भुऱ्याची मान

वाढवण, नोव्हेंबर १९५८, मंगळवार संध्याकाळ

आमच्या भुऱ्याची मान हलायची, एवढंच. दिवसातून दोन-तीनदा, नाही म्हणावं तशी आडवी. खायचा-प्यायचा नीट, कुणाला चावला नाही. सुका बोंबील नाकापुढे धरला की मान जागच्या जागी थांबायची. हे फक्त मला ठाऊक.

तीन दिवस नेमका होडी ढकलायच्या वेळी तो मान हलवत समोर उभा. थोरले दीर होडीचे तांडेल, होडीवर हुकूम त्यांचा. म्हणाले, "कुत्रा नाय म्हनतो. होडी नाय जायची." तिन्ही दिवस गेली नाही. आज सकाळी त्यांनी वल्हं उचललं. "तुझंच ऐकतो तो. बोलव."

मी बोंबील दाखवला. भुऱ्या आला, मान थांबली. अगदी स्थिर. दिरांना नेम धरायला सोपं गेलं.

होडी गेली, भरून आली. सगळे खूश.

बोंबलाचं आधीच का नाही सांगितलं मी? धाकट्या सुनेनं तांडेलाला चुकीचं ठरवायचं, साऱ्या किनाऱ्यासमोर? त्यापेक्षा कुत्रा स्वस्त.

बोंबील त्याच्या तोंडात गेलाच नव्हता. वाळू झटकून मी तो परत दोरीवर टाकला.