दादाच्या चाकूची धार आणि माझा डावा हात

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरली असल्याने तो मनातल्या मनातच घातला आहे, पण आठही अंगं मोजून.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींना म्हणावं, जिना धुतल्यावर निदान आधी सांगत जा. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. हिने माझ्याशी बोलणं कमी केलं आहे, पण त्याचं कारण पुढे येईलच.

महिनाअखेरीस तू निवृत्त होतोस. ऑफिसवाले तुला घड्याळ देतील, म्हणजे वेळ पाहायची गरज संपल्यावर घड्याळ. मी ठरवलं, आपण दादाला चाकू द्यायचा. खिशात राहील असा, घडीचा. लहानपणी तुझा चाकू हरवला त्यानंतर तू दुसरा घेतलाच नाहीस, हे माझ्या लक्षात आहे. मला जुन्या सामानात असाच एक सापडला. (कोणाचा, ते तूर्त विचारू नकोस.) पात्यावर गंज, टोक मोडलेलं, धारेच्या नावाने शंख. बाहेरून धार लावून आणणं सोपं होतं, पण म्हटलं, दादाला द्यायचं तर स्वतःच्या हाताने लावून द्यावी. सत्तावीस वर्षं भूमिती शिकवतो आहे, धार म्हणजे शेवटी एक कोनच की.

तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. धार लावायचा दगड आणला, त्याबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं की पातं वीस अंशात धरा. मी कंपासपेटीतला कोनमापक काढला, लाकडाची वीस अंशांची पाचर कापली, तिच्यावर पातं टेकवून एका बाजूने दोनशे वेळा घासलं. मोजून. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच बाजू दोनशे वेळा, कारण दुसऱ्या बाजूला बोट फिरवलं तर काहीतरी खरखरीत लागत होतं आणि मला वाटलं, ही बाजू तर आपोआपच झाली. हिने त्या चाकूने पाव कापला. प्रत्येक काप वर पातळ आणि खाली जाड. ही म्हणाली, ‘‘याला दाराखाली अडकवते.’’ आणि खरंच अडकवला.

मग धार तपासायचं मनावर घेतलं. शेजारचे निवृत्त कंपाउंडर म्हणाले की हातावरचे केस निघाले म्हणजे धार आली. रोज तपासत गेलो. आता माझा डावा हात विशीतला दिसतो आणि उजवा त्रेपन्नाचा. वर्गात फळ्यावर लिहिताना मुलं दोन्ही हात पाहतात आणि आपसात काहीतरी ठरवतात. नंतर कोणी सांगितलं की वर्तमानपत्र कापून बघा. कापलं, सुरेख कापलं गेलं, फक्त मागच्या बाजूला हिचं अर्धं सोडवलेलं शब्दकोडं होतं. (हेच ते कारण.) आणि गंमत अशी की सकाळी कागद कापणारा चाकू संध्याकाळी साबणसुद्धा कापेना.

शेवटी नाक मुठीत धरून शाळेसमोरच्या चपला दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी चाकू घेतला, धार वर करून उजेडात धरली आणि मला दाखवली. धारेवर बारीक पांढरी रेघ चमकत होती. ‘‘मास्तर, जिथं चमकतं तिथं बोथट. धार दिसायला नको, दिसली की समजायचं नाही आली.’’ मला जे खरखरीत लागत होतं ती नुसती वळलेली कड होती, चार वेळा कापून गळून पडणारी. दोन्ही बाजू आलटून पालटून, हलक्या हाताने घासायच्या, आणि शेवटी चामड्यावर उलट्या दिशेने ओढायचं, धार मागे ठेवून. मी कोनमापकाचं सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. हसायचं असावं, पण माझ्याच चपलेला टाके घालत होते आणि दोरा दातांत होता.

घरी चामडं म्हणजे माझा कमरेचा पट्टा. तो दाराच्या कडीला अडकवला आणि पहिल्याच ओढीला धार पुढे धरली. पट्ट्याचे दोन झाले. (म्हणजे धार आली होती, पण हिला ते मान्य नाही.) दुसऱ्या दिवशी सबंध वर्तुळाचा धडा मी एका हाताने शिकवला, दुसऱ्याने पँट धरून.

पण दादा, काल जमलं. उजेडात धरलं तर धारेवर काहीच दिसेना. टोमॅटोवर नुसतं टेकवलं तर पातं स्वतःच्या वजनाने आत गेलं. मी खुर्चीवर बसून राहिलो. मला फार बरं वाटलं. सोबत पार्सलने चाकू पाठवतो आहे. वहिनींना नमस्कार, आणि गुडघ्याला शेक.

तुझा,
धाकटा

ता. क. पात्याचं टोक मोडलेलं होतं म्हणून नवं घासून काढलं. त्यामुळे तो पूर्वीपेक्षा नखभर आखूड झाला आहे.

ता. क. २. ‘पूर्वीपेक्षा’ वाचून तू थांबला असशील. हो, तोच आहे. अण्णांनी तुला दिलेला. मी तो तुझ्या शर्टाच्या खिशातून काढला, रंगाचा डबा उघडायला गेलो, टोक मोडलं आणि घाबरून शिवणयंत्राच्या खणात, खालच्या फळीमागे दडवला. अण्णा आठवडाभर तुला बेजबाबदार म्हणत होते आणि मी शेजारी बसून जेवत होतो. नंतर चव्वेचाळीस वर्षं मूग गिळून बसलो. मला माफ कर.

ता. क. ३. त्या आधी माझ्या सगळ्या पेन्सिलींना तूच टोक काढून द्यायचास, सुईसारखं. चाकू गेल्यावर तेही गेलं, आणि मला मागताही येईना. पार्सलमध्ये एक कोरी पेन्सिल ठेवली आहे. उत्तर लिहायला जमलं नाही तर लिहू नकोस. तिला टोक काढून परत पाठव, मी समजेन.

ता. क. ४. पार्सलची दोरी मी दुहेरी गाठी मारून फार घट्ट बांधली आहे, हाताने सुटायची नाही. कापायला चाकू लागेल. तो आत आहे.