तेवीसपैकी तेवीस

३ ऑक्टोबर
आजपासून रोज लिहिणार. मोठ्या संशोधकांना ही सवय असते.

प्राचार्या करुणा मॅडमनी बोलावलं. पुढच्या सेमिस्टरला माझा 'मिश्र संशोधन पद्धती' हा पेपर ऐच्छिक होतोय. पंधरा पोरं आली तर चालू, नाहीतर बंद. मी तासिकेवर, म्हणजे पेपरबरोबर मीही बंद. मला हसू आलं. पंधरा? वर्ग पुरायचा नाही.

७ ऑक्टोबर
(मधले दिवस विचारात गेले.)
एम.ए.च्या वर्गात सर्व्हे घेतला. प्रश्न एकच, माझा पेपर घेणार का? गोंधळ नको म्हणून फॉर्मवर नाव लिहायला लावलं. तेवीसपैकी तेवीस हो! लगेच मोठ्या खोलीसाठी अर्ज टाकला. दुसरा ऐच्छिक पेपर, मार्केटिंग, शिकवणारे जालिंदर सर गालात हसले. जळतो बिचारा.

९ ऑक्टोबर, दुपार
नुसते आकडे पुरत नाहीत, माणसांशी बोलावं लागतं. मी शिकवतो तेच. म्हणून मुलाखती घेतल्या.
सोनम म्हणाली, बघू की सर.
विक्रम म्हणाला, येतो ना सर, न यायला काय झालं.
तेजश्री म्हणाली, घरी इचारून सांगते.
कोडिंग केलं, म्हणजे उत्तरांना अर्थाप्रमाणे लेबलं लावली. थीम्स निघाल्या : दूरदृष्टी, निर्धार, कुटुंबाचा सहभाग. दोन्ही पद्धतींचा निष्कर्ष एकच. असं लाखात एकदा होतं.

१० ऑक्टोबर
कुटुंबाचा सहभाग तपासायला तेजश्रीच्या घरी, न्हावऱ्याला. तिची आजी साखरबाई गोठ्यात होत्या. चहा पाजला. म्हणाल्या, "मास्तर, तोंडावर न्हाई कोन म्हनंल का? लग्नाला येतो म्हननारी समदी आली, तर मांडव पुरंल व्हय?"
फार रिच डेटा. मोठ्या खोलीला दुजोराच मिळाला. येताना बाईकवर गाणं म्हणत आलो.

१५ ऑक्टोबर
ताप होता, म्हणून लिहिलं नाही. उत्साहाचा ताप असावा.

१८ ऑक्टोबर, संध्याकाळ
नोंदणी संपली. बावीस पोरं मार्केटिंगला. माझ्याकडे एक, शंभू. मॅडमनी पेपर बंद केला. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.

पण एकाला तरी विषयाचं मोल कळलं. शंभूला मुद्दाम गाठून विचारलं, तूच का आलास रे? तो मान खाली घालून म्हणाला, "सर, मी नाव नोंदवायला गेलो तवा क्लार्क जेवायला गेला व्हता. आन् त्याच्या टेबलाशी तुम्हीच बसला व्हता."