सहावा चौकोन

गुरुवार, ९ मार्च
दुपारचे चार

धाकटे,

जमिनीवर चिकटवलेले प्लास्टिकचे पाच चौकोन काढून झाले. सहाव्याची चिकटपट्टी एका बाजूने सोडवली, खाली पाहिलं, ती तशीच पुन्हा दाबली आणि इथे वजनकाट्याजवळच्या टेबलापाशी येऊन बसले आहे. काढलेल्या प्लास्टिकचा गोळा मांडीवरच आहे.

घरी सगळे बरे. बाबांचा गुडघा तसाच, पण गोदामात यायचं सोडत नाहीत. तू आणलेली काठी वापरत नाहीत. तू आणली आहेस हे मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. तुझ्या छोटीचा दात पडल्याचं कळलं. तिला माझ्याकडून पापा दे.

कागदाची सगळी रिळं मागच्या शेडमध्ये हलवून घेतली. तीन दिवस लागले. शनिवारी घासणारी माणसं येतील आणि जुन्या काँक्रीटचा वरचा थर काढतील. सोमवारी तू तुझ्या कंपनीची माणसं घेऊन येशील आणि इपॉक्सीच्या लेपाचा पहिला हात बसेल. आपले फोर्कलिफ्टवाले राजे सगळ्यांना सांगत सुटले आहेत, की धाकट्या ताईंची फरशी झाली की चाकांना मोजे घालावे लागणार. सगळे हसतात. मीही हसते.

फरशी 'धाकट्या ताईंची' कधी झाली ते मला कळलं नाही.

जमिनीची धूळ उडते, रिळांवर बसते, छापखान्यातून माल परत येतो, हे मी बाबांना तीन वर्षं सांगत होते. त्यांच्या लेखी ती कटकट होती. तू माघात दोन दिवसांसाठी आलीस, जमिनीवरून बोट फिरवलंस, बाबांना ते पांढरं बोट दाखवलंस आणि संध्याकाळपर्यंत नवी फरशी ठरली. आनंद व्हायला हवा होता. माझं पोट दुखलं.

माझं म्हणणं तुला माहीत आहे. घासून घ्यावं, काँक्रीट घट्ट करणारं द्रावण मुरवावं, पॉलिश करावं आणि सोडून द्यावं. जुनी जमीन आहे, खाली ओल असणार, तिला वर यायला वाट हवी. तुला लेप हवा होता. एकसंध, धूळ नाही, फडकं मारलं की स्वच्छ. तू वाद घातला नाहीस. उलट बाबांसमोर म्हणालीस, "ताई, आपण जमिनीवर प्लास्टिक चिकटवून बघू. एका जरी चौकोनाखाली ओल निघाली, तरी तू म्हणतेस तसंच करायचं."

बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "याला म्हणतात विचार करणं."

मग गेल्या रविवारी आपण दोघींनी सहा जागी प्लास्टिक लावलं. तू पट्टी दाताने तोडत होतीस, मी कडा दाबत होते. त्या तासाभरात मला तुझा राग येत नव्हता. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात ते हरवेल.

मंगळवारी सकाळी तू फोन केलास. मी म्हणाले, सगळं कोरडं आहे. तुला सहा फोटो पाठवले.

सहावा फोटो पुन्हा बघ. पश्चिमेच्या भिंतीजवळचा. डाव्या कोपऱ्यात एक काळी वायर आहे. ती ऑफिसातल्या टेबलफॅनची. त्या चौकोनाखाली थेंब होते, जमीनही काळी पडली होती. मी रुमालाने पुसलं. डाग जाईना, म्हणून पंखा आणून दीड तास लावला. जमीन पांढरी झाल्यावर फोटो काढला. मग नवी पट्टी घेऊन प्लास्टिक होतं तसं बसवलं. तू फोटो मोठा करून बघशील आणि वायरीबद्दल विचारशील असं वाटलं होतं. तू लिहिलंस, 'थँक्यू ताई.'

तुला वाटेल, यात माझाच तोटा. थेंब दाखवले असते तर माझं म्हणणं खरं ठरलं असतं, तू शब्द दिलाच होतास. पण बाबा काय म्हणाले असते? बरं झालं, धाकटीने तपासून घेतलं. माझ्या मनासारखी फरशी झाली असती आणि तिचंही श्रेय तुलाच गेलं असतं. मला ते नको होतं. मला तुझाच लेप व्हायला हवा होता. पावसाळ्यात खालून ओल यावी, त्याला फोड यावेत, फोर्कलिफ्टच्या चाकाखाली पापुद्रे सुटावेत, बाबांनी ते बघावेत. आणि त्यानंतर तुझं नाव त्यांनी जरा हळू घ्यावं.

मंगळवारी मला याचं वाईट वाटलं नाही. झोपही छान लागली.

काल सकाळी तुझा फोन आला. तू खुशीत होतीस. हे पहिलंच काम कंपनीने एकटीवर सोपवलंय म्हणालीस. मग सहज सांगितलंस, "तपासणीच्या कागदावर मी स्वतः पाहिलं असं लिहून सही केली. तू पाहिलंस म्हणजे मीच पाहिलं की."

तेव्हाही आधी रागच आला. कुणावर इतका विश्वास टाकायला तुला काहीच कष्ट पडत नाहीत, याचा. भांडी घासून झाल्यावर मग कळलं, की फरशी उखडली तर बाबा तुझं नाव हळू घेतील एवढ्यावर ते थांबणार नाही. न पाहता सही केली म्हणून तुझी नोकरी जाईल. तुला तोंडघशी पाडायचं होतं, रस्त्यावर आणायचं नव्हतं. या दोन्हींत अंतर आहे असं मी काल दिवसभर स्वतःला समजावलं.

आज सहाव्याखाली पुन्हा थेंब आहेत. मंगळवारपेक्षा मोठे.

फोन का केला नाही, विचारशील. तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा कोरडं आहे म्हणेन. माझा भरवसा नाही. उद्या सकाळी आपल्या ट्रकवाल्या मामांची गाडी तुमच्या बाजूला माल घेऊन निघते, दुपारपर्यंत ते तुझ्या ऑफिसात पत्र देऊ शकतील. तसं झालं तर शनिवारचं काम थांबवायला आणि सही मागे घ्यायला तुला वेळ मिळेल. पत्र द्यायचं की नाही हे अजून माझं ठरलेलं नाही.

बाबांना यातलं काही सांगू नकोस असं लिहिणार होते. लिहीत नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील आणि मला तुझ्या आणखी एका चांगुलपणाखाली राहावं लागेल. तेवढं मला आत्ता झेपणार नाही.

तुझी, आणि तुझ्यावर जळणारी,
ताई

शुक्रवार, सकाळ

बाबांना सहाव्या चौकोनाजवळ खुर्ची टाकून दिली आणि त्यांच्यासमोर प्लास्टिक काढलं. त्यांनी वाकून जमिनीला बोट लावलं. मग विचारलं, "तुला कधी कळलं?" मी म्हणाले, मंगळवारी. पंख्याचंही सांगितलं. त्यांनी बोट सदऱ्याला पुसलं. राजेंना बोलावून म्हणाले, शनिवारच्या माणसांना येऊ नका म्हणून कळव. उठताना मला म्हणाले, "धाकटीला मी सांगणार नाही. तू सांग." मामा फाटकाशी गाडी चालू ठेवून उभे आहेत. पाकीट बंद करून त्यांना नेऊन देते.