तुझ्या प्लेअरला जुळणारा

प्रिय मास्तरीणबाई,

तू भावाकडे जाऊन दोन महिने झाले, आणि मी पत्र लिहितोय ते अ‍ॅम्प्लिफायरबद्दल. हस खुशाल. पण चार दिवस डोकं नुसतं भणभणतंय. तुझा डिस्क प्लेअर पडला जुना. त्याच्या पाठीमागे आवाजाच्या वायरींना सहा वेगवेगळी भोकं. नव्या अ‍ॅम्प्लिफायरला एकच वायर लागते, सहा भोकांचे आता कुणी बनवत नाही म्हणे. दुकानदार म्हणतो, काका, तो डबा फेकून द्या, नवा प्लेअर घ्या. काका! मी असा भडकलो की शेजारचं गिऱ्हाईक काही न घेताच सटकलं.

घरी येऊन खोली मोजली. मागचे स्पीकर कुठे लावायचे ते ठरेना, सोफा तीनदा सरकवला. खालच्या वहिनी येऊन विचारून गेल्या, घर सोडताय की काय. कारखान्यात लेथवर अख्खा शाफ्ट बिघडवला, पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच. शेवटी एका दुरुस्तीवाल्याकडे सहा भोकांचा सापडला, धोंड्यासारखा जड. आणला, वायरी जोडल्या, पण अजून चालू केलेला नाही. हात पुढे जातो आणि मागे येतो.

प्लेअर तू हौसेनं आणलास, दोघांनी मिळून सिनेमे बघायचे म्हणून. मी मात्र कानांवर हेडफोन चढवून बसायचो. दिवसभराच्या खडखडाटानंतर दुसरा कुठलाच आवाज नको वाटायचा, तुझाही. तू शेजारी बसून वर्षानुवर्षं मुके सिनेमे बघितलेस. गाढव आहे मी.

काल तुझ्या भावाचा फोन आला. रविवारी गाडी घेऊन तुझं सामान न्यायला येतोय. कपाट, शिलाई मशीन, पुस्तकं, प्लेअर. सगळं तुझंच आहे, मी आडवा येणार नाही. पण त्याआधी एक सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. गेलीस त्या संध्याकाळी दारात उभी राहून तू विचारलंस, मी जाऊ का? मी मान वर केली नाही. नंतर सगळ्यांना सांगत सुटलो, कानांवर हेडफोन होते, ऐकूच आलं नाही. साफ खोटं. डिस्क केव्हाच संपली होती. मला स्वच्छ ऐकू आलं होतं. नुसता हट्ट नडला गं. आज उत्तर देतो: नको जाऊ. रविवारी भावाला पाठवू नकोस, तू ये.

अजूनही तुझाच,
नवरा