उत्तराच्या बरण्या

ठाणे, ता. ३० सप्टेंबर १९५४

चि. सौ. सुमतीस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझी उत्तरा खुशाल आहे. खाडीत पायाला कालव लागलं होतं, पण जखम भरत आली. आईचे गुडघे कसे आहेत?

आता माझा गुन्हा सांगतो. अण्णांच्या श्राद्धाला घर सोवळ्यात हवं म्हणून मी उत्तराच्या खोलीतल्या मासळीच्या पिल्लांच्या बरण्या मोरीत ओतल्या आणि घासून पालथ्या घातल्या. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी पाच महिने जमवलेलं सगळं गेलं. पोर रडलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "मामा, दर महिन्याची पिल्लं वेगळी असतात. आता पुन्हा पुढच्या चैत्रापासून."

काल मीच धोतर खोचून तिच्याबरोबर चिखलात उतरलो. काठावरची कोळीण हसली, "भटजी, मासली बाजारात मिलते की!" उत्तराने तिवराच्या मुळांत बोट दाखवलं. तिथे तांदळाएवढी पिल्लं नुसती वळवळत होती. म्हणाली, "मामा, तिवर तोडलं की ही गेली, आणि मग या बाईचं जाळं रिकामं." आणि आपला बंब वीस वर्षं तिवराच्याच लाकडांवर तापतोय गं! आज कोळसा आणला.

तेव्हा मार्गशीर्षात उत्तराला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना वर्षभर थांबायला सांग. मामाने घोळ घातला म्हणून कळव, खोटं काहीच नाही. थांबले तर आनंद, नाहीतर दुसरं स्थळ मीच वहाणा झिजवून शोधीन. पण माझ्या सोवळ्यापायी तिचं शिक्षण अर्धवट राहायला नको.

तुझ्या होकाराकडे डोळे लावून बसलेला,
दादा