शेजारच्या सैल तारा

बाळ्या,

"तुटलेल्या तारेला बोल लावू नकोस पोरी, शेजारच्या सैल पडल्यात का बघ," आबा सायकलच्या दुकानात चाक फिरवता फिरवता म्हणायचे. तू तुटलेली तेवढीच बदलतोस, म्हणून मागच्या चाकाची तार सारखी जाते. पहाटेपासून जिवाला चैन नव्हतं, म्हणून बसून एकेक तार छेडली आणि बद्द वाजल्या त्या आवळल्या. सामान दोन्ही बाजूंना सारखं बांध. नव्या नोकरीच्या गावाला सायकलवर निघालेला शहाणा तूच!

मी कामावर लवकर पळाले. दारात तुला निरोप देताना तोंडून निघालं असतं. आता लिहितेच. जाऊ नकोस म्हणत नाही रे, पण तुझ्यामागे या घरात एकटीनं राहायची मला भीती वाटते.

ताई