साखर उतरवण्याची माझी पद्धत

मंगळवार, १२ मार्च. सकाळ.
पायाच्या जखमेपायी ॲडमिट. जखम किरकोळ, पण डॉक्टरांना डायबेटिसचं निमित्त मिळालं. साखर आटोक्यात आली की घरी, म्हणे. लेक रविवारी परत नोकरीवर निघणार, ती वर्षभर तरी येत नाही. म्हणजे शनिवारी मी घरात पाहिजे. असणारच! साखर काय, हां हां म्हणता उतरवतो.

दुपार.
सिस्टर आधी इन्सुलिन टोचतात, मग जेवणाची ट्रॉली येते. अजब कारभार! एका हाताने साखर उतरवायची, दुसऱ्या हाताने चढवायची. हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? ठरलं. इंजेक्शन घ्यायचं आणि ताट शेजारच्या पलंगावर सरकवायचं. तिथे पाय प्लास्टरमध्ये घातलेले गृहस्थ आहेत. त्यांना दोन ताटं आरामात जातात.

बुधवार, १३ मार्च.
आकडा निम्म्यावर! सिस्टरना वाटलं औषधाचा गुण. मी गालातल्या गालात हसलो. बायको म्हणाली, चेहरा ओढल्यासारखा दिसतोय. तिला माझं यश कधी बघवलंय?

गुरुवार, १४ मार्च. सकाळ.
आकडा ६१. मी शाबासकीची वाट बघतोय, तर सिस्टर ग्लुकोजचं पाणी घेऊन धावत आल्या. साखर इतकी कमी होणं जास्त असण्यापेक्षा घातक, माणूस बघता बघता हातचा जातो, म्हणे. जेवलात का, असं पुन्हा पुन्हा विचारलं. पोटभर, म्हटलं. प्लास्टरवाले शेजारी ढेकर देत होते, मी तिकडे बघितलंच नाही. सिस्टरची पाठ वळताच अर्धं पाणी बेसिनमध्ये. एवढ्या कष्टाने उतरवलेली साखर मी परत चढवून घेऊ? हट्!

दुपार.
डॉक्टरांनी इन्सुलिनचा डोस कमी केला. माघार म्हणतात ती हीच. लेकीचा फोन आला. उद्या माझे कपडे घेऊन येते, शनिवारी बरोबरच घरी जाऊ, म्हणाली. तयारच आहे, म्हटलं.
सिस्टर बजावून गेल्या की घाम आला, हात थरथरले, छाती धडधडली तर लगेच बेल दाबायची. बेल दाबली की मुक्काम वाढलाच. मी काय दूधखुळा आहे? घाम येतोय खरा, पण या वॉर्डात हवाच खेळत नाही. लेखी तक्रार करणार.

शुक्रवार, १५ मार्च. दुपार.
अक्षरं हलतायत. पेन भिकार. उशी ओली. कोणी केली?
प्लास्टरवाले दोन दिसतायत. दोघेही माझंच जेवतायत. खा लेको.
बेल दाबणार नाही. बेल कुठे आहे पण?
उद्या घरी.

शनिवार, १६ मार्च. संध्याकाळ.
हाताला सलाईन. कालचं मला काहीच आठवत नाही, बायकोने सांगितलं ते लिहितो.
लेक आली, माझ्या पलंगाशी खुर्चीत बसली. मी तिला म्हणालो, म्हणे, की बाई, उठा. माझी मुलगी यायची आहे, खुर्ची तिच्यासाठी ठेवलीय. तिने हाक मारली तसा मी जास्तच चिडलो. शेवटी ती उठली, कपड्यांची पिशवी छातीशी धरून भिंतीला टेकून उभी राहिली. मग मी कोसळलो. तिने आरडाओरडा करून सिस्टरना बोलावलं. आकडा ३४. शिरेतून ग्लुकोज दिलं तेव्हा डोळे उघडले.
डॉक्टरांना सगळं कळलं. डिस्चार्ज लांबला. भांडायचा प्रयत्न केला, पण बायको रडत होती. खरं सांगायचं तर मीही घाबरलोय.
लेक सकाळी निघते. आता खुर्चीत बसलीय. सिस्टर येतात, बोट टोचतात, आकडा वाचतात. ती आकडा बघतसुद्धा नाही. माझ्याकडे बघते आणि हळूच विचारते, बाबा, मी कोण? मी तिचं नाव सांगतो. मग ती घास भरवते, आणि मी मुकाट्याने खातो.